आधी वाचा, मग भरा! घरपट्टीच्या पोटातल्या भन्नाट गोष्टी

दारात घरपट्टीचं बिल येतं. आपण काय करतो? आकडा बघतो, 'अबब' म्हणतो आणि कागद फ्रिजवरच्या मॅग्नेटखाली खोचून टाकतो.

थांबा, थांबा! त्या कागदाला जरा खाली काढा. तुमचं घर किती मोठं, किती जुनं, कशाचं बांधलेलं, कोणाच्या नावावर, राहायला की धंद्याला, मालक राहतो की भाडेकरू, हे सगळं सरकारदरबारी लिहून ठेवलेलं आहे. त्या नोंदींतूनच तुमचा आकडा जन्माला येतो. नोंद चुकली की आकडा चुकला. आणि नोंद बघायचा हक्क तुमचा आहे, अगदी कायद्यानं दिलेला!

चला तर मग, घरपट्टीच्या गल्लीबोळांतून एक फेरफटका. सीटबेल्ट नको, चष्मा मात्र जवळ ठेवा.

एक कर, नावं अनेक

पुणेकर याला 'मिळकतकर' म्हणतात, मुंबईकर 'मालमत्ता कर'. गावात आणि नाशिकसारख्या शहरात रूढ शब्द 'घरपट्टी'. हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो 'प्रॉपर्टी टॅक्स' होतो आणि जुन्या मुंबईकराच्या तोंडी नुसता 'असेसमेंट'. माणूस एकच, बारशाला पाच आत्या!

म्हशीलाही पट्टी!

माहीत आहे का, घरपट्टी ही काही इंग्रजांनी आणलेली भानगड नाही? मराठेशाहीच्या कागदपत्रांत घरपट्टी आहेच, पण तिच्या शेजारी कोण बसलंय बघा: म्हैसपट्टी आणि लग्नटका. म्हणजे घर बांधा, म्हैस पाळा किंवा बोहल्यावर चढा, पट्टी ठरलेली. आज लग्न आणि म्हैस दोन्ही सुटली. घर तेवढं अजून सापडतं.

आठ आणि आठ-अ: नावं सारखी, घरं वेगळी

महाराष्ट्रातला सर्वांत मोठा कागदी घोळ कोणता? 'आठचा उतारा आण' असं सांगून पाठवलेला माणूस भलत्याच ऑफिसात पोचतो, तो!

ग्रामपंचायतीचा 'नमुना ८' म्हणजे गावातल्या घरांची कर आकारणी नोंदवही. तलाठ्याचा 'गाव नमुना ८-अ' म्हणजे शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. पहिला घराचा, दुसरा रानाचा. पहिला ग्रामविकास खात्याचा, दुसरा महसूल खात्याचा. मधल्या त्या एका 'अ'नं किती जणांना हेलपाटे घातले असतील!

बोनस माहिती: नमुना ८ चा सख्खा भाऊ म्हणजे 'नमुना ९'. त्यात मागणी किती, वसुली किती, बाकी किती, याचा हिशेब असतो. आठ सांगतो काय लावलं, नऊ सांगतो काय आलं.

वीस रुपये, पाच दिवस

माहीत आहे का, नमुना ८ चा उतारा मिळणं ही कोणाची मेहेरबानी नाही? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये आला. ग्रामपंचायतीच्या सेवांच्या यादीत हा उतारा आहे: फी २० रुपये, मुदत ५ दिवस. वडापावच्या जोडीएवढ्या पैशांत घराची अख्खी ओळख! शिवाय 'महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट' नावाचं मोबाइल अ‍ॅपही ग्रामपंचायतींसाठी आहे.

चार कागद, चार ऑफिसं

पटकन पाठ करून टाका.

सातबारा: शेतजमिनीचा, महसूल खात्याकडे. (नाव 'सातबारा' का? गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकाच कागदावर एकत्र आले म्हणून!)

प्रॉपर्टी कार्ड म्हणजे मालमत्ता पत्रक: सिटी सर्व्हे झालेल्या भागातल्या जमिनीचं, भूमिअभिलेख खात्याकडे.

इंडेक्स टू म्हणजे सूची २: खरेदी-विक्रीच्या नोंदणीचा सारांश, दुय्यम निबंधकाकडे.

करआकारणी उतारा: घरपट्टीचा, महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीकडे.

चौघे एकाच घराबद्दल बोलतात, पण एकमेकांशी बोलतीलच याची खात्री नाही. म्हणून चारही ठिकाणी नाव एकसारखं आहे ना, हे बघणं आपलं काम.

नकाशातलं कोरं बेट

गावाच्या जुन्या जमीन मोजणीच्या नकाशात एक गंमत असते. सगळीकडे गट, बांध, नंबर आणि मधे गावठाण म्हणून एक मोकळी जागा! कारण सोपं आहे. इंग्रजांची मोजणी शेतसाऱ्यासाठी होती, आणि गावठाणातल्या घरांना शेतसारा नव्हता. जिथं सारा नाही, तिथं मोजणीची साखळी कशाला ओढायची?

ते कोरं बेट भरायला शेवटी ड्रोन आला. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाणाची ड्रोनमोजणी प्रायोगिक तत्त्वावर झाली. पुढे २४ एप्रिल २०२० ला, पंचायती राज दिनी, देशभरासाठी 'स्वामित्व' योजना जाहीर झाली. आणि सोनोरी म्हणजे तेच गाव, ज्याच्या डोक्यावर मल्हारगड उभा आहे! गडावरून जे टेहळणीला दिसायचं, ते आता ड्रोनला दिसतं.

पुण्यात पेठ निरीक्षक!

सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या पेठा असलेलं शहर कोणतं, हे सांगायची गरज नाही. पण माहीत आहे का, पुणे महापालिकेच्या करआकारणी खात्यात आजही 'पेठ निरीक्षक' असं पद आहे? ऑनलाइन बिल शोधायला गेलात तर खाते क्रमांकाबरोबर पेठही विचारतात. शहर पार हिंजवडीच्या दिशेनं धावत सुटलं, पण कराच्या दप्तरात पेठेचा मान कायम.

मुंबईत मात्र अक्षरांचा कारभार. मालमत्ता खात्याचा क्रमांक चांगला लांबलचक, १५ अक्षर-अंकांचा, आणि सुरुवातीची अक्षरं तुमचा वॉर्ड सांगतात. ऑनलाइन शोधताना हा क्रमांक म्हणजे चावी. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा!

घराचं 'मानलेलं' भाडं

तुम्ही स्वतःच्या घरात राहता. भाडं शून्य. तरी करखातं म्हणतं, 'समजा, भाड्यानं दिलं असतं तर?'

माहीत आहे का, कर मोजायची जुनी पद्धत या 'समजा'वर उभी आहे? घराला वर्षाला वाजवी भाडं किती येईल ते ठरवायचं, दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे, उरलं ते करपात्र मूल्य. महिना २,००० रुपये भाडं मानलं तर वर्षाचे २४,०००. त्यातून २,४०० गेले. उरले २१,६००. त्यावर टक्केवारीनं कर. बघा, पाचवीतल्या गणिताएवढं सोपं! म्हणून बिलावर '२१,६००' दिसला तर दचकू नका, तो कर नव्हे, कराचा पाया आहे.

जिथं १९४० संपतच नव्हतं

मुंबईत या मानलेल्या भाड्यानं एक अजब घोटाळा केला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली. मग १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या एका खटल्यात सांगितलं की करासाठी धरायचं भाडं कायदेशीर 'प्रमाण भाड्या'च्या वर नेता येणार नाही.

झालं! बाहेर जागेचे भाव आकाशाला, आणि जुन्या चाळीचा कर मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. शेजारी उभी राहिलेली नवी इमारत त्याच रस्त्यासाठी, त्याच गटारासाठी, कितीतरी पट कर भरणार.

मग आली किंमत

म्हणून १ एप्रिल २०१० पासून मुंबईनं गियर बदलला. भाड्याऐवजी भांडवली मूल्य! क्षेत्रफळ गुणिले रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरतक्त्यातला दर, मग त्याला वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, मजला यांचे गुणक. आरसीसी की पत्रा, घर की दुकान, नवं की जुनं, सगळं हिशेबात.

म्हणजे बिलातलं 'बांधकामाचं वर्ष' चुकीचं पडलं, तर तुमचं घर कागदावर तरुण होतं. तरुण दिसायला कोणाला आवडत नाही? पण इथं तरुणपण महाग पडतं!

उद्याच्या टॉवरचा कर आज नको

मोकळ्या प्लॉटवर उद्या किती मजले चढू शकतील, तेही धरून कर लावायचा? मुंबईच्या भांडवली मूल्य नियमांत तशी सोय होती. मालकांच्या संघटना कोर्टात गेल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला आणि २०, २१ व २२ हे तीन नियम बाद राहिले. जमीन आज जशी आहे, तशीच मोजा. पोटातल्या बाळाला शाळेची फी लावायची नाही!

जादूचा आकडा: ४६.४५

माहीत आहे का, मुंबईत कोणत्या आकड्याखाली घराचा कर माफ होतो? ५०० चौरस फूट! कागदावर मात्र तो ४६.४५ चौरस मीटर असा दिसतो. राहत्या घरांसाठी ही माफी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली.

आता तुमच्या उताऱ्यातलं क्षेत्रफळ बघा. घर ४९० फुटांचं आणि नोंद ५१० ची असेल, तर वीस फुटांची चूक दर वर्षी खिसा कापते. टेप घ्या, मोजा!

पुण्याचे चाळीस टक्के

पुण्यात १९७० पासून एक लाडकी सवलत आहे. घरात मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सूट. मध्यंतरी राज्य सरकारनं ती काढून घेतली, २०१९ नंतर अनेकांच्या बिलांनी उडी मारली, आणि शहरभर ओरड झाली. २०२३ मध्ये सवलत परत आली!

पण ती मिळवण्यासाठी ज्यांची सवलत निघाली होती त्यांना अर्ज करावा लागला. त्या अर्जाचं नाव 'पीटी-३'. नाव ऐकून शाळेतली पीटी आठवते ना? इथंही नियम तोच: हजेरी लावली त्यालाच गुण. बिलावर 'स्वतः वापर' लिहिलंय की 'भाडेकरू', एवढे दोन शब्द वाचा. चाळीस टक्के तिथंच लपलेले असतात.

इंग्लंडात उन्हावर कर, पुण्यात उन्हावर सूट

इंग्लंडनं १६९६ पासून १८५१ पर्यंत, म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ, खिडक्या मोजून कर लावला. लोकांनी काय केलं? खिडक्या विटांनी बुजवल्या! तिथल्या जुन्या घरांवर त्या आंधळ्या खिडक्या आजही दिसतात.

पुण्यात उलटी गंगा. सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सूट. गच्चीवरचा सूर्य, पन्हाळीतला पाऊस आणि कुंडीतलं गांडूळ, तिघंही तुमच्या टीममध्ये!

तेलाची टाकी म्हणजे इमारत?

होय! मुंबईत तेल कंपनीच्या अवाढव्य टाक्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनीचं म्हणणं असं की टाकी नटबोल्टनं ठोकलेली नाही, ती नुसत्या वजनावर बसली आहे. कोर्टानं सांगितलं, बसली ना? मग मालमत्ता कर भरा.

आणि मोबाइल टॉवर? तोही! डिसेंबर २०१६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं टॉवरला करापुरतं 'इमारत' मानलं. ना भिंत, ना दार, ना स्वयंपाकघर. तरी इमारत. नेटवर्क नसलं तरी कराची रेंज फुल!

आकाशातून पोहण्याचा तलाव

फ्रान्समध्ये पोहण्याचा तलाव बांधला की घराचा कर वाढतो. मग बरेच जण सांगतच नाहीत. २०२२ मध्ये तिथल्या करखात्यानं आकाशातून काढलेले फोटो एआयला दाखवले. किती लपवलेले तलाव सापडले? २०,३५६! सरकारच्या तिजोरीत सुमारे एक कोटी युरो.

ग्रीसची कथा त्याहून अफलातून. अथेन्सच्या श्रीमंत उपनगरांत जेमतेम ३२४ जणांनी तलाव असल्याचं कळवलं होतं. उपग्रहाच्या फोटोंत मोजले तर १६,९७४!

आपल्याकडच्या महापालिकाही आता ड्रोन आणि जीआयएस नकाशे वापरतात. गच्चीवर चढवलेली ती पत्र्याची खोली वरून छान दिसते बरं का.

बिलात झाड, बिलात रोजगार

बिल उलगडा आणि ओळी वाचा. सर्वसाधारण कर, पाणी, मलनिःसारण, अग्निशमन... आणि हे काय, वृक्ष उपकर? हो! १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यातून तो आला. शहरातल्या झाडांमागे तुमचेही चार पैसे आहेत.

शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर यांचा कायदा १९६२ चा. रोजगार हमीचा उपकर राहत्या घरांना नाही, दुकान-ऑफिससारख्या बिगरनिवासी जागांना आहे. म्हणजे लक्ष्मी रोडवरचं साड्यांचं दुकान महाराष्ट्राच्या रोजगार हमीला हातभार लावतं. तीच योजना, जिच्या अनुभवातून पुढे देशाची मनरेगा उभी राहिली! कराच्या एका ओळीत केवढा इतिहास.

म्हणूनच ही ओळ राहत्या फ्लॅटच्या बिलात दिसली, तर ताबडतोब भुवया उंचवा. बहुधा तुमचं घर दप्तरात 'बिगरनिवासी' म्हणून पडलंय.

अ, ब, क... इमारतींची शाळा

दक्षिण मुंबईत गप्पांमध्ये 'आमची ए कॅटेगरी' ऐकलंय? तो स्टेटस नव्हे, तो उपकर! मुंबई शहरातल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्यानं उपकर सुरू झाला. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ', तिथून १९५० च्या अखेरीपर्यंतच्या 'ब', आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क'. याच 'उपकरप्राप्त इमारती'. पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये हे एक अक्षर सोन्याच्या भावाचं ठरतं, आणि त्याचा माग कराच्या जुन्या नोंदींत लागतो.

सरकारला कर लागतो का?

केंद्र सरकारच्या मालमत्तेला राज्यघटनेच्या कलम २८५ नुसार स्थानिक कर माफ! पण पाणी, रस्ता, दिवे तर तेही वापरतात. म्हणून 'सेवा शुल्क'. २००९ मध्ये राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर सूत्र ठरलं: सेवा पूर्ण घेतल्या तर कराच्या ७५ टक्के, अर्धवट घेतल्या तर ५०, घेतल्याच नाहीत तर ३३⅓ टक्के. दिल्लीच्या ऑफिसालाही गल्लीचा हिशेब चुकत नाही.

केवळ सार्वजनिक पूजेसाठी वापरल्या जाणाऱ्या जागांना सर्वसाधारण करातून सूट आहे. आणि २०२० मध्ये राज्य सरकारनं माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना एका घराचा कर माफ करायचं ठरवलं. तुमच्या ओळखीत कोणी फौजी काका असतील तर आजच फोन करा, त्यांनी अर्ज केलाय का विचारा!

बँड, बक्षीस आणि दळण

थकबाकीदारांकडून वसुली कशी करायची? पुणे महापालिकेनं त्यांच्या दारात चक्क बँड वाजवला! वरात आली म्हणून शेजारी गॅलरीत जमले, आणि नवरदेव निघाली थकबाकी.

त्याच पुण्यानं २०२३ मध्ये वेळेवर भरणाऱ्यांसाठी सोडत काढली. बक्षिसं काय? कार, ई-बाइक, लॅपटॉप, मोबाइल!

पण ट्रॉफी माझ्याकडून पाटोदा गावाला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या या गावानं, तेव्हाचे सरपंच भास्करराव पेरे पाटील यांच्या पुढाकारानं, साधासोपा सौदा केला: कर पूर्ण भरा, वर्षभराचं दळण गिरणीवर फुकट! दर आठवड्याला डोक्यावरच्या डब्यातून कराची परतफेड दिसते. कर कशासाठी भरायचा, हे समजावून सांगायला याहून चांगलं भाषण कोणतं?

महिन्याला दोन टक्के

महापालिकेचा कर थकला तर शास्ती महिन्याला २ टक्के. ऐकायला किरकोळ. दहा हजार थकले तर महिन्याला २००, वर्षाला २,४००. म्हणजे वर्षाला २४ टक्के! कोणती बँक एवढं व्याज देते? घरपट्टी थकवणं ही तोट्याची एफडी आहे.

सरपंच व्हायचंय? आधी पावती दाखवा

ग्रामपंचायत निवडणूक लागली की घरपट्टीच्या खिडकीवर अचानक गर्दी का होते, माहीत आहे का? १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४! मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर माणूस सदस्यत्वाला अपात्र ठरतो. गावात भल्याभल्यांच्या खुर्च्या या एका पावतीनं हलवल्या आहेत.

आणि मुंबईचा इतिहास तर सांगतो की नगरपालिकेचं राजकारण करातूनच जन्मलं. १८६५ पासूनचा आयुक्त आर्थर क्रॉफर्ड खर्चाला मोकळा, वसुलीला कडक. १८७१ मध्ये करदाते भडकले. १८७२ च्या कायद्यानं ६४ सदस्यांची महापालिका आली, आणि त्यातले निम्मे, ३२, कर भरणाऱ्यांनी निवडून दिलेले! घरपट्टीनं मुंबईला मतपेटी दिली.

काशीचं धरणं

त्याही आधीची गोष्ट. १८१० मध्ये कंपनी सरकारनं बनारससह काही शहरांत घरांवर कर बसवला. बनारसकरांनी दुकानं बंद केली, घरं सोडली आणि हजारोंच्या संख्येनं उघड्या मैदानात ठाण मांडलं. गांधीजींच्या जन्माच्या जवळजवळ साठ वर्षं आधी! शेवटी कंपनीला कर मागे घ्यावा लागला.

परदेशातल्या भाच्याला विचारा

लंडनमधल्या घराचा काउन्सिल टॅक्स कोणत्या सालच्या किमतीवर ठरतो? १ एप्रिल १९९१! काल बांधलेल्या फ्लॅटलाही विचारतात, 'तू १९९१ मध्ये असतास तर कितीला विकला गेला असतास?'

कॅलिफोर्नियात १९७८ च्या जनमतानं कर मूल्याच्या सुमारे १ टक्क्यावर बांधला आणि मूल्याची वाढ वर्षाला फार तर २ टक्के ठेवली, घर विकलं जाईपर्यंत. म्हणून सॅन होजेमध्ये नवं घर घेतलेला भाचा, ऐंशीच्या दशकात घर घेतलेल्या शेजारच्या आजोबांच्या कितीतरी पट कर भरतो. घर सारखं, अंगण सारखं!

विकलं तरी सुटत नाही

आता परत घरी या, कारण ही गोष्ट महत्त्वाची. घर विकलं, पेढे वाटले, गाव बदललं. पण महापालिकेला कळवलं का? कायदा सांगतो, हस्तांतराची सूचना तीन महिन्यांत द्या. मालक वारला तर वारसांनी वर्षभरात द्यायची. सूचना दिली नाही, तर जुना मालकच कराला बांधील राहतो!

उलट बाजूनंही ऐका. कराच्या उताऱ्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. ती नोंद कर वसुलीपुरती. नुसती घरपट्टीची पावती दाखवून कोणी घर विकायला आला, तर चहा पाजा आणि इंडेक्स टू मागा. तसंच अनधिकृत बांधकामाचा कर भरला म्हणून ते अधिकृत होत नाही.

शेजाऱ्याचाही उतारा!

आणि हा घ्या आजचा सर्वांत चमचमीत नगेट. महापालिकेच्या आकारणी पुस्तकातली आपल्या घराची नोंद मालकाला किंवा राहणाऱ्याला मोफत पाहता येते, उतरवूनही घेता येते, असं कायदा सांगतो. दुसऱ्याची पाहायची असेल तर? फी भरून तीही पाहता येते!

गॉसिपसाठी नव्हे हो. तुमच्याच मजल्यावरच्या, तुमच्याएवढ्याच फ्लॅटला कमी कर असेल, तर तो तुमच्या हरकत-अर्जातला हुकमी एक्का आहे.

हरकत घ्यायला हरकत नाही

नवी आकारणी झाली किंवा कर वाढला की नोटीस येते आणि हरकतीसाठी मुदत मिळते. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेननं गोल करा! नगरपरिषदांत आकारणी दर चार वर्षांनी होते. यादी जाहीर होते, हरकती मागवतात, सुनावणी होते. ग्रामपंचायतीच्या आकारणीवर अपील पंचायत समितीकडे. मुंबईत आयुक्तांकडे तक्रार करून समाधान झालं नाही, तर लघुवाद न्यायालय. मुदत गेली की गाडी गेली.

अर्जाला काय जोडायचं? क्षेत्रफळासाठी खरेदीखत किंवा मंजूर नकाशा, वयासाठी भोगवटा प्रमाणपत्र, वापरासाठी घरगुती वीजबिल. आणि पोच घ्यायला विसरू नका.

पाच मिनिटांत घराचा चेकअप

एक: नाव बरोबर? अजून आजोबांचंच आहे?
दोन: क्षेत्रफळ बरोबर? फूट की मीटर?
तीन: वापर निवासी की बिगरनिवासी?
चार: स्वतः राहता की भाडेकरू?
पाच: बांधकामाचा प्रकार आणि वर्ष?
सहा: मागची थकबाकी खरी आहे की भरलेलीच पावती चढलेली नाही?

सहा प्रश्न, पाच मिनिटं. डोकेदुखीवर याहून चांगला उतारा नाही, उताऱ्याशिवाय!

आणि शेवटची ओळ: नावाची

सगळ्यात शेवटी त्या पहिल्या रकान्याकडे परत चला. माहीत आहे का, २००३ मध्ये राज्य सरकारनं सांगितलं की गावातल्या घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावा? 'घर दोघांचे' म्हणतात त्याला. ज्या घरात ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठते, त्याच्या कागदावरही ती असावी, एवढी साधी गोष्ट.

नमुना ८ साठी २० रुपये घेऊन ग्रामपंचायतीत गेलात की एवढं जरूर बघा. तिथं एकच नाव दिसलं, तर दुसरं लावण्याचा अर्ज त्याच खिडकीवर द्या आणि घरी जाताना पोच तिच्या हातात ठेवा.